विमानाची प्रतिकृती, रेडिओ-नियंत्रित द्विपंखी

एकावर एक असे दोन पंख असलेल्या विमानाची, जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाला रेडिओ तरंगांच्या साहाय्याने उडविता येणारी लहान आकारमानाची प्रतिकृती. कपाटात ठेवावयाच्या शोभेच्या प्रतिकृतीहून ही मूलतः भिन्न आहे. शोभेच्या प्रतिकृतीत बाह्य रूप पुरेसे असते. उडत्या प्रतिकृतीला मात्र वजन, उत्थापन (पंखांवर निर्माण होणारे वरच्या दिशेचे बल), ओढ (गतीस होणारा हवेचा विरोध) आणि तोल यांचे नियम खऱ्या विमानाइतकेच काटेकोरपणे पाळावे लागतात. अशा प्रतिकृतीचे तयार भाग विकत मिळतात. प्रस्तुत नोंदीत आराखड्यावरून लाकूड कापून घरी बांधावयाच्या प्रतिकृतीचा विचार केला असून उदाहरणादाखल टायगर मॉथ हे द हॅविलंड कंपनीचे ब्रिटिश प्रशिक्षण विमान घेतले आहे.

टायगर मॉथने पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी केले. त्याच्या पंखांचा विस्तार ८·९४ मी., लांबी ७·३ मी., पंखांचे एकूण क्षेत्रफळ सु. २२ चौ. मी. आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सु. ८२८ किग्रॅ. होते. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि पंख लाकडाचे असून त्यांवर कापड ताणून बसविलेले असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश राष्ट्रकुलातील असंख्य वैमानिक याच विमानावर शिकले. भारतीय हवाई दलातही ते प्राथमिक प्रशिक्षणासाठी वापरीत आणि दलाने जतन केलेले एक टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनी पुन्हा आकाशात उडाले. घरी प्रतिकृती बांधणाऱ्यांना हे विमान विशेष प्रिय आहे. त्याची घडण मुळातच लाकूड व कापड यांची असल्याने प्रतिकृतीत ती बऱ्याच अंशी तशीच उतरविता येते.

दोन पंखांचे प्रयोजन : एकाच क्षेत्रफळाचा एक लांब पंख आणि दोन आखूड पंख यांची तुलना केल्यास हवेच्या दृष्टीने एक लांब पंखच सरस ठरतो. दोन पंख जवळजवळ असले म्हणजे वरच्या पंखाखालील व खालच्या पंखावरील दाबांचा एकमेकांस उपद्रव होतो, उत्थापन काहीसे घटते आणि मधले खांब व तारा यांची ओढ वाढते. असे असूनही विमानविद्येच्या पहिल्या तीन दशकांत द्विपंखी विमानांचेच प्राबल्य राहिले, ते मुख्यतः बळकटीमुळे. वाकविणाऱ्या बलाला तुळई किती तोंड देईल हे प्रामुख्याने तिच्या खोलीवर अवलंबून असते. पातळ पंखात खोल तुळई मावत नाही. मात्र दोन पातळ पंख काही अंतरावर ठेवून ते खांबांनी व तिरप्या तारांनी जोडले, तर त्या दोहोंची मिळून पंखांमधील अंतराइतकी खोल अशी एक तुळई तयार होते. लोखंडी पुलाची कैची याच तत्त्वावर उभी असते आणि हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. १८९६ साली मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या टेकड्यांवरून उडविलेल्या द्विपंखी घसरविमानात पुलाच्या कैचीची मांडणी योजणारे ऑक्टेव्ह शानूट हे व्यवसायाने रेल्वे व पूल यांचे अभियंते होते. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडविलेल्या विमानात हीच मांडणी होती.

१९१५ साली ह्यूगो युंकर्स यांनी बाहेरील तारांचा आधार नसलेल्या पंखांचे संपूर्ण धातूचे विमान जर्मनीत उडवून दाखविले. पुढे धातूचे जाड व स्वयंपूर्ण पंख रूढ होताच द्विपंखी विमाने मागे पडली. घरी काम करणाऱ्याजवळ मात्र धातूचे पंख घडविण्याची साधने नसतात. हलके, काहीसे कमकुवत लाकूड आणि गोंद एवढीच त्याची सामग्री असते. म्हणजे त्याची स्थिती १९१० मधील विमानबांधणी करणाऱ्यासारखीच असते आणि त्या काळी ज्या कारणासाठी दोन पंख योजले गेले, ते कारण त्याच्या टेबलावर आजही लागू पडते. दुसरा लाभ आटोपशीरपणाचा. आखूड पंखांमुळे प्रतिकृती चपळपणे वळते, कमी वेगाने उडू शकते व ने-आण करण्यास सोयीची होते.

इतिहास : उडत्या प्रतिकृती माणसाला वाहणाऱ्या विमानापेक्षा जुन्या आहेत. जॉर्ज केली यांनी इंग्लंडमध्ये १८०४ साली स्थिर पंख व शेपूट असलेली घसरविमानाची प्रतिकृती उडविली. आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारी प्रतिकृती सु. ४० मी. अंतर उडवून दाखविली. ती आपल्या आपण तोल सांभाळीत असे, हे तिचे वैशिष्ट्य होय. दूरनियंत्रणाचा उगम वेगळ्या दिशेने झाला. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे रेडिओ तरंगांनी चालणारी छोटी नाव प्रेक्षकांसमोर चालविली. या दोन धारा हौशी विमानबांधणीत १९३० नंतर एकत्र आल्या. वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या अमेरिकन बंधूंनी १९३७ साली उडविलेली रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जतन केलेली आहे. ती एकपंखी होती.

याच सुमारास टायगर मॉथलाही रेडिओ नियंत्रण लाभले, पण खेळ म्हणून नव्हे. विमानविरोधी तोफांच्या सरावासाठी ब्रिटिश सैन्याला खरे लक्ष्य हवे होते. टायगर मॉथचे पंख आणि स्वस्त लाकडी धड यांपासून बनविलेले ‘क्वीन बी’ हे वैमानिकाविना उडणारे विमान १९३५ मध्ये तयार झाले. जमिनीवरील चालक टेलिफोनच्या चकतीसारखी चकती फिरवून त्याला आज्ञा देत असे. अशी चारशेहून अधिक विमाने बांधण्यात आली. वैमानिकरहित विमानाला इंग्रजीत पडलेले ‘ड्रोन’ (नर मधमाशी) हे नाव या राणीमाशीवरूनच आले, असे सामान्यतः मानतात. तेव्हा टायगर मॉथची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बांधणारा हौशी कारागीर नकळत एका खऱ्या विमानाचीच परंपरा चालवीत असतो.

आकारमान व वजन : मूळ विमानाच्या एकषष्ठांश मापाची प्रतिकृती घरी बांधण्यास सोयीची असते. तिच्या पंखांचा विस्तार सु. १४९ सेंमी., पंखाची पुढून मागे रुंदी (जीवा) सु. २२ सेंमी. आणि दोन्ही पंखांचे मिळून क्षेत्रफळ सु. ०·६२ चौ. मी. भरते. लांबी सहापट घटली म्हणजे क्षेत्रफळ छत्तीसपट व घनफळ २१६ पट घटते. त्यामुळे केवळ प्रमाणाने पाहिल्यास प्रतिकृतीचे वजन ३·८ किग्रॅ. यावयास हवे, परंतु चांगली घरगुती प्रतिकृती याच्या निम्म्याहूनही हलकी, सु. १·८ किग्रॅ. वजनाची असावी. हवा मात्र प्रमाणात लहान करता येत नाही, हे यामागील कारण होय. पंखाची रुंदी व वेग दोन्ही कमी झाल्यामुळे हवेची श्यानता (चिकटपणा) प्रतिकृतीला सु. वीसपट अधिक जाणवते आणि पंखाची कार्यक्षमता त्या मानाने घटते. एवढ्या वजनाची प्रतिकृती ताशी सु. २५ किमी. वेगापर्यंत हवेत टिकू शकते, म्हणजे ती वेगाने सायकल चालविणाऱ्या माणसाइतक्याच गतीने उतरते.

वजन वाढण्याचा परिणाम पुष्कळांना वाटतो त्याहून गंभीर असतो. समजा, निष्काळजीपणामुळे हीच प्रतिकृती २·४ किग्रॅ. भरली. वजन एक-तृतीयांशाने वाढले, की हवेत राहण्यासाठी लागणारा किमान वेगही सु. १५ टक्क्यांनी वाढतो आणि त्या वेगाने धडक बसल्यास मोकळी होणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते. मोडतोड व इजा या दोहोंचे माप हीच ऊर्जा असते. म्हणून अनुभवी कारागीर काम सुरू करण्यापूर्वीच वजनाचे अंदाजपत्रक मांडतात. वरील उदाहरणात लाकूडकामाला ६५० ग्रॅ., आवरण व रंग यांस १५० ग्रॅ., विद्युत् घटमालेला २५० ग्रॅ., चलित्राला (मोटरला) १५० ग्रॅ. असे वाटप करता येते. उरलेल्या ६०० ग्रॅ.मध्ये चाके, खांब, तारा, गोंद, पंखा, चलित्राचा वेगनियंत्रक, सर्व्हो, ग्राही आणि तोलासाठी नाकात घालावे लागणारे शिसे हे सर्व बसवावयाचे असते. प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वी तराजूत घालणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळणाऱ्याचे अंदाजपत्रक सहसा रंगाच्या हातापर्यंत टिकत नाही.

सामग्री व बांधणी : प्रतिकृतींसाठी सर्वोत्तम लाकूड बाल्साचे. हा वृक्ष मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील असून काटेसावरीच्या नात्यातील आहे. व्यापारी बाल्सा मुख्यतः एक्वादोरमधून येतो. त्याची घनता दर घ.मी.ला सु. १०० ते २०० किग्रॅ. असते, सागवानाची याच्या तिपटी-चौपटीहून अधिक. हेच लाकूड दोन पातळ थरांमध्ये भरून द हॅविलंड कंपनीने दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो या वेगवान विमानाचे धड बनविले होते. एकाच झाडाच्या दोन फळ्यांच्या घनतेतही मोठी तफावत असते. म्हणून फळ्या वजन करून निवडतात व कठीण फळी वाशांसाठी, मऊ फळी बरगड्यांसाठी आणि सर्वांत हलकी शेपटीसाठी राखून ठेवतात. बाल्सा न मिळाल्यास फेसयुक्त प्लॅस्टिकचे तक्ते व बांबूच्या कामट्या यांपासूनही चांगली उडणारी प्रतिकृती बांधता येते. तिच्यात मूळ विमानाच्या सांगाड्याचे रूप मात्र उतरत नाही.

बांधणी पूर्ण मापाच्या आराखड्यावरच करतात. सपाट, न वाकलेल्या फळीवर आराखडा पसरून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घालतात, म्हणजे गोंद आराखड्याला चिकटत नाही. पंखाचा मुख्य वासा टाचण्यांनी जागेवर रोवून त्यावर सु. ६ ते ७ सेंमी. अंतराने बरगड्या बसवितात. सर्व बरगड्या एकसारख्या येण्यासाठी त्यांच्या पट्ट्या पत्र्याच्या किंवा प्लायवुडच्या दोन साच्यांमध्ये एकत्र आवळून एकदम घासतात. पुढची व मागची धार जोडल्यावर पंख फळीवरून लगेच उचलू नये. अर्धवट वाळलेला पंख उचलल्यास त्याला पीळ पडतो आणि हा पीळ पुढे आवरणाखाली कायमचा बंदिस्त होतो. धडासाठी दोन बाजू एकावर एक ठेवून बांधतात व मग आडव्या चौकटींनी त्या जोडतात. लाकडी सांध्यांना पांढरा गोंद पुरतो. चलित्र, चाकांची तार आणि मधले खांब जेथे जखडतात, तेथे प्लायवुड व एपॉक्सी आसंजक वापरावे लागते.

पूर्वी आवरणासाठी रेशमी कापड किंवा पातळ कागद वापरीत आणि तो ताणला जावा म्हणून त्यावर सेल्युलोजयुक्त रोगणाचे हात देत. आता उष्णतेने आक्रसणारा पॉलिएस्टर पटल किंवा कापड इस्त्रीने बसवितात. काम जलद होते, पण धोका तोच राहतो. एका बाजूचे आवरण अधिक आक्रसले, की सरळ बांधलेला पंखही पिळला जातो. दोन्ही बाजू आलटूनपालटून थोड्याथोड्या तापविणे हा त्यावरील उपाय होय.

पंखांची जुळणी : द्विपंखी प्रतिकृतीची खरी परीक्षा येथे असते. एकपंखी विमानात पंख व शेपूट यांच्यातील कोन बरोबर असला की बहुतेक काम भागते; येथे दोन पंख परस्परांशी आणि ते दोन्ही शेपटीशी, असे तीन संबंध एकाच वेळी अचूक साधावे लागतात. दोन पंखांमधील उभे अंतर सर्वसाधारणपणे जीवेइतके ठेवतात. त्याहून कमी ठेवल्यास पंखांचा एकमेकांना होणारा उपद्रव वाढतो व अधिक ठेवल्यास खांब लांब होऊन वजन व ओढ वाढते. टायगर मॉथमध्ये वरचा पंख खालच्यापेक्षा बराच पुढे असतो. पुढच्या आसनावरील माणसाला हवाई छत्रीसह बाहेर पडता यावे म्हणून मूळ विमानात वरचा पंख पुढे सरकविण्यात आला आणि त्यामुळे बिघडलेला तोल सावरण्यासाठी पंख किंचित मागे वळविण्यात आले. पाहणाऱ्याला डौलदार वाटणारा हा वळसा म्हणजे मुळात एक दुरुस्ती होती.

पंख हवेशी फार मोठा कोन करू लागला, की हवेचा प्रवाह त्याच्या पाठीवरून सुटतो आणि उत्थापन एकाएकी कोसळते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. वरचा, पुढे असलेला पंख खालच्या पंखापेक्षा सु. एक अंश अधिक कोनात बसविल्यास तो आधी स्टॉल होतो, नाक आपोआप खाली झुकते, वेग पुन्हा वाढतो व विमान सावरते. उलट, खालचा पंख आधी स्टॉल झाल्यास नाक अधिकच वर जाऊ पाहते. सु. २२ सेंमी. रुंदीच्या पंखात एक अंश म्हणजे पुढच्या व मागच्या धारेच्या उंचीत जेमतेम ४ मिमी. फरक. मधल्या खांबांची छिद्रे एवढीशी चुकली, तरी प्रतिकृतीचा स्वभाव बदलतो. म्हणूनच खांब कायमचे जखडण्यापूर्वी धड समपातळीत ठेवून दोन्ही पंखांचे व शेपटीचे कोन मोजतात. पंखांच्या प्रत्येक टोकापासून शेपटीच्या मागील दांड्यापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजून दोन्ही बाजूंस सारखे आहे की नाही, हेही पाहतात. दोरा आणि पट्टी यांहून अधिक साधन लागत नाही.

मूळ विमानात तिरप्या तारांची दोन कामे असतात. उडताना पंख वर उचलले जाऊ पाहतात तेव्हा एका दिशेच्या तारा ताण घेतात, तर जमिनीवर पंखांचे वजन दुसऱ्या दिशेच्या तारा पेलतात. लहान प्रतिकृतीत पुष्कळजण लवचिक दोरा केवळ देखाव्यासाठी बांधतात. तसे केल्यास पंख स्वतःच्या बळावर भार पेलतील इतके जाड वासे घालावे लागतात, म्हणजे द्विपंखी रचनेचा मुख्य लाभच सोडून द्यावा लागतो. बारीक पोलादी तारा खरोखर ताणून बसविणे कष्टाचे असले, तरी तीच प्रामाणिक पद्धत होय. मात्र अशा तारांचा ताण दोन्ही बाजूंस सारखा नसला तर त्याच पंखाला पीळ देतात.

नियंत्रण : प्रारंभीच्या रेडिओ संचांत निर्वात नलिका व जड घटमाला असत आणि त्यांतून बहुधा एकच आज्ञा देता येई. ग्राहीकडून स्पंद आला, की रबराच्या पिळावर चालणारी एक खिटी सुटून सुकाणू एका बाजूस पूर्ण वळे, दुसऱ्या स्पंदाने ते मध्यावर येई. ट्रँझिस्टर आल्यावर संच हलके झाले व १९६० नंतर समप्रमाण नियंत्रण रूढ झाले, म्हणजे चालकाने दांडी जितकी हलवावी तितकेच नियंत्रक पृष्ठ हलू लागले. यासाठी ‘सर्व्हो’ नावाची छोटी पेटी वापरतात. तिच्यात चलित्र, दंतचक्रे व दांडीची प्रत्यक्ष स्थिती मोजणारा घटक असतो. ग्राही तिला सेकंदाला सु. ५० विद्युत् स्पंद पाठवितो. स्पंद १·५ मिलिसेकंद टिकला तर दांडी मध्यावर राहते, १ मिलिसेकंदाला ती एका टोकाकडे व २ मिलिसेकंदांना दुसऱ्या टोकाकडे जाते.

दीर्घकाळ २७, ३५, ७२ मेगाहर्ट्‌झ यांच्या आसपासचे रेडिओ पट्टे निरनिराळ्या देशांत वापरात होते. एकाच मैदानावर दोघांनी एकच कंप्रता वापरली, तर एकाचे विमान हमखास कोसळे. म्हणून उड्डाण-क्लबांत कंप्रतेचे क्रमांक लिहिलेल्या खुंट्या फळ्यावर टांगण्याची शिस्त असे. २००५ च्या सुमारास २·४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील संच बाजारात आले. त्यांत प्रेषक व ग्राही एकमेकांची सांकेतिक ओळख ठेवतात आणि ही अडचण जवळजवळ नाहीशी झाली. भारतात या पट्ट्याचा अल्पशक्तीचा वापर परवानामुक्त आहे. संदेश तुटल्यास ग्राहीने चलित्र बंद करावे अशी पूर्वयोजना संचात करता येते. ती केल्याशिवाय प्रतिकृती उडविणे बेजबाबदारपणाचे ठरते.

टायगर मॉथच्या प्रतिकृतीत चार नियंत्रणे असतात : नाक वरखाली करणारा एलेव्हेटर, डावीउजवीकडे वळविणारे सुकाणू, विमान एका अंगावर कलविणारे एलेरॉन आणि चलित्राचा वेग. मूळ विमानाप्रमाणे एलेरॉन फक्त खालच्या पंखावर असतात. वळताना खाली झुकलेल्या एलेरॉनची ओढ अधिक असल्याने विमानाचे नाक वळणाच्या उलट दिशेला ओढले जाते. टायगर मॉथच्या रचनाकारांनी यावर एक युक्ती योजली होती. एलेरॉन वर पुष्कळ उचलला जाई, पण खाली अगदी थोडा झुके. प्रतिकृतीतही ही विषम हालचाल ठेवावी लागते आणि वळताना सुकाणूचा वापर करावाच लागतो.

शक्ती : पूर्वी मेथॅनॉल व एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारी छोटी एंजिने सर्रास वापरीत. आता बहुतेक प्रतिकृतींत ब्रशरहित विद्युत् चलित्र व लिथियम-पॉलिमर घटमाला असते. संथ उडणाऱ्या द्विपंखी प्रतिकृतीला दर किग्रॅ.ला सु. २०० वॉट शक्ती पुरते. तीन घटांची ११·१ व्होल्टची, ३ अँपिअर-तास क्षमतेची माला पूर्ण जोरावर जेमतेम पाच मिनिटे पुरते. जोर कमीजास्त करीत उडविल्यास आठ-दहा मिनिटे मिळतात. ही घटमाला फुगली, टोचली गेली किंवा अयोग्य रीतीने भारित झाली तर पेट घेते. म्हणून ती नजरेसमोरच भारित करतात आणि अपघातात दबलेली माला पुन्हा वापरीत नाहीत. चलित्राची जोडणी करताना पंखा काढून ठेवावा, हा नियम मोडल्याने बोटांना झालेल्या जखमा या छंदात दुर्मीळ नाहीत.

तोल : गुरुत्वमध्य चुकीच्या जागी असला तर बाकी सर्व बांधणी निर्दोष असूनही प्रतिकृती वाचत नाही. तो पुढे सरकल्यास विमान जड व सुस्त उडते, पण उडते. मागे सरकल्यास ते क्षणोक्षणी नाक वर करते व चालकाच्या हातून सुटते. एकपंखी विमानात तो जीवेच्या सु. एक-चतुर्थांशावर असावा लागतो. द्विपंखी विमानात दोन पंखांची मिळून एक सरासरी जीवा कल्पावी लागते. समजा, दोन्ही पंख सरळ, सारखे व २२ सेंमी. रुंद असून वरचा पंख १० सेंमी. पुढे आहे. अशा वेळी सरासरी जीवेची पुढची धार वरच्या पंखाच्या धारेपासून ५ सेंमी. मागे धरतात. तिच्या २७ टक्क्यांवर, म्हणजे आणखी सु. ६ सेंमी. मागे गुरुत्वमध्य ठेवल्यास तो वरच्या पंखाच्या पुढच्या धारेपासून सु. ११ सेंमी.वर येतो. पंख मागे वळलेले असल्यास तो आणखी थोडा मागे जातो. नवशिके केवळ वरच्या पंखावरून मोजतात किंवा केवळ खालच्या. दोन्ही मोजमापे चुकीची ठरतात.

टायगर मॉथचे नाक आखूड असल्याने प्रतिकृती बहुधा शेपटीकडे जड भरते. शेपटीकडील एक ग्रॅम तोलण्यास नाकाकडे दोन-तीन ग्रॅम लागतात, म्हणून शेपूट शक्य तितकी हलकी बांधणे व घटमाला चलित्राच्या लगेच मागे ठेवणे इष्ट असते. एवढे करूनही थोडे शिसे घालावेच लागते. ते घालण्यास संकोच करू नये.

उड्डाण : पहिल्या उड्डाणासाठी पहाटेची निवांत हवा व कापलेल्या गवताचे मोकळे मैदान निवडतात. त्यापूर्वी प्रतिकृतीच्या मागे उभे राहून प्रत्येक नियंत्रक हालचाल तपासतात. दांडी उजवीकडे केल्यावर उजवा एलेरॉन वर उचलला गेला पाहिजे. तो उलट हलत असल्याचे हवेत लक्षात आले, तर सावरण्यास वेळ उरत नाही आणि महिन्यांचे काम काही सेकंदांत संपते. मग संचाची शक्ती घटवून ठराविक अंतरापर्यंत संदेश पोहोचतो की नाही, हे पाहतात.

पळताना शेपूट प्रथम जमिनीवर दाबून ठेवावी व दिशा सुकाणूने राखावी. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्यामुळे प्रतिकृती डावीकडे ओढली जाते. यासाठी चलित्र दोन अंश उजवीकडे वळवून बसविलेले असते, तरी सुकाणूची मदत लागतेच. चालकाला आणखी एक गोष्ट अंगवळणी पाडावी लागते. प्रतिकृती दूर जात असताना डावे-उजवे त्याच्यासारखेच असते, पण ती त्याच्याकडे येऊ लागली की ते उलटे होते. उतरताना द्विपंखी विमान एकपंखीसारखे दूरवर तरंगत येत नाही. चलित्र बंद करताच खांब व तारा यांची ओढ त्याचा वेग झपाट्याने खाते. मैदानापर्यंत न पोहोचणाऱ्या प्रतिकृतीचे नाक वर उचलून ती ‘ओढून’ आणण्याचा मोह होतो आणि त्यातच कमी उंचीवर वळण घेतल्यास आतला पंख स्टॉल होऊन ती फिरत खाली येते. या प्रकारच्या प्रतिकृतींचे पुष्कळ अपघात असेच घडतात. चाके टेकेपर्यंत थोडा जोर चालू ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

नियम : आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघ हा प्रतिकृतींच्या स्पर्धांचे नियम ठरवितो. खऱ्या विमानांच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतींसाठी त्याच्या नियमावलीत स्वतंत्र वर्ग असून, त्यात जमिनीवर पाहिलेले मूळ विमानाशी साम्य व प्रत्यक्ष उड्डाण या दोहोंना गुण देतात. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात प्रतिकृतिबांधणी हा प्रशिक्षणाचा एक भाग असतो. ड्रोन नियम, २०२१ मध्ये शिक्षण, संशोधन वा करमणूक यांसाठी दृष्टिपथातच उडविल्या जाणाऱ्या, २५ किग्रॅ.पर्यंतच्या प्रतिकृतींची वेगळी व्याख्या केलेली असून त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. व्यापारी हेतू नसल्यास २ किग्रॅ.पर्यंतच्या साधनाच्या चालकाला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. येथे उदाहरणादाखल घेतलेली १·८ किग्रॅ.ची प्रतिकृती या मर्यादेत बसते, २·४ किग्रॅ.ची बसत नाही. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग पाडण्यात आले आहेत. त्यांपैकी लाल विभागात केंद्र शासनाच्या व पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. हिरव्या विभागातही साधारणपणे १२० मी.पर्यंतच उंची अनुज्ञेय आहे. विमानतळाच्या परिसरात ही मर्यादा अधिक कडक असते. उड्डाणाच्या वेळी प्रेक्षकांनी चालकाच्या मागे उभे राहावे व प्रतिकृती त्यांच्या डोक्यांवरून नेऊ नये, हा संकेत कायद्याच्या आधीपासून सर्वत्र पाळला जातो.